काळ्या मनगटातला भाला

इंग्लंडच्या मध्यभागात वुल्व्हरहॅम्प्टन नावाचे कारखानदारीचे एक शहर आहे. कुलुपे, ओतीव लोखंड, टायर, मोटारींचे सुटे भाग ही त्याची जुनी ओळख. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला कामगार कमी पडू लागले. भट्टीपुढे उभे राहायला, बसगाड्या चालवायला, इस्पितळात रात्रपाळी करायला माणसे मिळेनात. मग कालपर्यंत ज्यांच्यावर राज्य केले त्या वसाहतींतून माणसे येऊ लागली. वेस्ट इंडीज बेटांवरून कृष्णवर्णीय आले, पंजाबातून शीख आले, आणि त्यांच्यासोबत पंजाबातील आपले आंबेडकरी बांधवही आले. त्यांनी या शहरात बुद्धविहार उभारला, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. परंतु याच शहरातल्या एका शाळेत भाला हाती धरलेल्या जमैकन मुलीने पुढे ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

तिचे नाव टेसा सँडरसन. ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकणारी ती ब्रिटनची पहिली कृष्णवर्णीय स्त्री. इतकेच नव्हे, तर भाला, थाळी, गोळा आणि हातोडा या फेकीच्या चारही प्रकारांत मिळून ब्रिटनला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणारी ती एकमेव खेळाडू आहे. पुरुषांनाही ते जमलेले नाही. २०२४ ची पॅरिस ऑलिंपिक होऊन गेली तरी तिच्या नावाशेजारी दुसरे नाव लागलेले नाही.

आजीजवळची मुलगी

टेसाचा जन्म १४ मार्च १९५६ रोजी जमैका बेटावरील सेंट एलिझाबेथ या भागात झाला. हा शेतीचा मुलूख. तिथली कृष्णवर्णीय माणसे म्हणजे आफ्रिकेतून साखळदंडांत बांधून आणलेल्या गुलामांची लेकरे-नातवंडे. उसाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतल्यावर १८३० च्या दशकात ब्रिटिश सरकारने गुलामगिरी बंद केली, तेव्हा दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई दिली. ती कुणाला? गुलामांच्या मालकांना! राबणाऱ्यांच्या हाती छदामही पडला नाही. टेसाच्या घराण्याचे मूळ घाना देशात असल्याचे सांगितले जाते.

आईवडील कामाच्या शोधात इंग्लंडला निघून गेले आणि लहानगी टेसा आजीजवळ राहिली. वेस्ट इंडीजमधील हजारो घरांची तेव्हाची हीच कहाणी होती. आधी कमावती माणसे जायची, चार पैसे साठले की एकेक मूल बोलावून घ्यायची. तोवर आजी हीच आई. गावाकडे आजीच्या पदराखाली वाढलेली आणि आईबाप मुंबईच्या गिरणीत असलेली मुले आपल्याकडेही होतीच की. सहा वर्षांची झाल्यावर टेसाचीही पाळी आली आणि ती वुल्व्हरहॅम्प्टनला लागून असलेल्या वेन्सफील्ड या भागात आईवडिलांकडे आली. साल १९६२. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जमैका स्वतंत्र झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटनने वसाहतींतून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा लागू केला.

ती बारा वर्षांची असताना जे घडले ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका मतदारसंघाचा खासदार होता इनॉक पॉवेल. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये त्याने बाहेरून आलेल्या रंगीत लोकांविरुद्ध विखारी भाषण केले. त्यांना थोपवले नाही तर देशात रक्तपात होईल, असा त्याचा सूर होता. दुसऱ्याच दिवशी त्याच्या पक्षनेत्याने त्याला आपल्या नेतेमंडळातून काढून टाकले, हे खरे. पण लंडनचे गोदी कामगार त्याच्या बाजूने मोर्चा काढून रस्त्यावर आले, हेही तितकेच खरे. त्याच सुमारास त्या शहरात शीख बसचालकांना पगडी आणि दाढी राखून कामावर येता येणार नाही, असा हट्ट चालू होता. १९६९ साली तो सोडावा लागला. अशा हवेत टेसा शाळेत जात होती. वर्णावरून शेरे, शिव्या, अंगावर थुंकणे हे सारे तिच्या वाट्याला आले. पुढे मोठी झाल्यावर तिने ते स्वतः जाहीरपणे सांगितले आहे.

मैत्रिणीशी पैज

शाळेत तिची व्यायामशिक्षिका मात्र वेगळी निघाली. मुलीच्या अंगात काय आहे हे तिने हेरले, आणि सरावाला दांडी मारलीस तर शाळा सुटल्यावर बसवून ठेवीन, असा दम भरला. भाल्याशी पहिली गाठ कशी पडली, याचीही एक गोष्ट सांगतात. कोण लांब फेकते यावर मैत्रिणीशी पैज लागली, आणि पणाला काय, तर तळलेल्या बटाट्याची पुडी! वय चौदाच्या आसपास. पुढे वुल्व्हरहॅम्प्टन अँड बिल्स्टन या अॅथलेटिक क्लबात तिचा रीतसर सराव सुरू झाला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. काळा माणूस धावणार, उडी मारणार, मुष्टियुद्ध खेळणार, असे गोऱ्यांनी जणू ठरवूनच टाकले होते. अंगबळ लागते तिथे काळा, बुद्धी आणि तंत्र लागते तिथे गोरा! भालाफेक हा तर फिनलंड, जर्मनी, सोव्हिएत रशिया यांचा खेळ मानला जाई. त्याला लांब धाव, नेमके पाऊल आणि वर्षानुवर्षांचे शिक्षण लागते. त्या खेळात एक जमैकन मुलगी काय करणार, असे वाटणारे पुष्कळ असणार. खरे तर टेसाला धावणेही येत होते, उडीही येत होती. सात प्रकार मिळून होणाऱ्या हेप्टाथलॉनमध्येही ती ब्रिटनच्या पहिल्या रांगेत होती. तरीही तिने भालाच धरून ठेवला.

आपल्या वाचकांपैकी अनेकांनी नीरज चोप्राचा भाला दूरदर्शनवर पाहिला असेल. पण लांबून दिसते तितके ते सोपे नसते. स्त्रियांच्या भाल्याचे वजन ६०० ग्रॅम. म्हणजे फार नाही, घरातल्या मुलालाही तो उचलता येईल. लांबी मात्र सव्वादोन मीटरच्या घरात, म्हणजे उंच माणसाच्याही डोक्यावरून वर जाणारी. खेळाडू धावत येते. शेवटच्या काही पावलांत तिचे अंग आडवे होते, पाय एकमेकांवरून तिरपे पडू लागतात आणि भाल्याचा हात मागे ताणला जातो. मग पुढचा पाय खांबासारखा जमिनीत रोवला जातो. धावेचा सगळा वेग त्या एका पायाशी अडतो आणि कंबर, खांदा, कोपर, मनगट अशा वाटेने वर चढत भाल्यात शिरतो. त्या क्षणी पायावर पडणारा भार अंगाच्या वजनाच्या कित्येक पट असतो. म्हणूनच भालाफेकणारांचे खांदे आणि कोपरच नव्हे, तर गुडघे, घोटे आणि पाठही दुखावतात. पांढऱ्या कमानरेषेला पाऊल लागले की फेक बाद. भाल्याचे टोक आधी टेकले नाही तरी बाद.

हे सारे टेसाने विसाव्या वर्षापर्यंत इतके आत्मसात केले की १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकला तिची निवड झाली, आणि तिथे ती अंतिम फेरीत पोहोचून दहावी आली. त्या काळी पूर्व जर्मनीची रूथ फुक्स भालाफेकीची सम्राज्ञी होती. १९७२ आणि १९७६ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके तिच्या गळ्यात होती. दोनच वर्षांत टेसा तिच्या पाठोपाठ उभी राहिली. १९७८ साली कॅनडातील एडमंटन येथे तिने राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्ण घेतले आणि प्राग येथील युरोपीय स्पर्धेत फुक्सच्या मागोमाग रौप्य मिळवले. लीड्सचे विल्फ पेश हे तिचे प्रशिक्षक. तिच्या मोठ्या यशात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

मॉस्कोचा धक्का

आता वाटेल की पुढचा रस्ता सरळ होता. तसे झाले नाही. १९८० साली तिची फेक सत्तर मीटरच्या घरात जात होती आणि मॉस्को ऑलिंपिकमध्ये तिच्याकडून पदकाची अपेक्षा होती. अफगाणिस्तानच्या प्रश्नावरून अमेरिकेने त्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला. आपल्या खेळाडूंनीही जाऊ नये, असा ब्रिटनच्या थॅचर सरकारचा आग्रह होता. तरीही बरेच ब्रिटिश खेळाडू गेले. टेसाही गेली. आणि पात्रता फेरीतच तिचे सारे बिनसले. पन्नास मीटरचा टप्पाही तिला गाठता आला नाही. ज्या हाताने महिन्या-दोन महिन्यांपूर्वी सत्तरीला हात घातला होता, त्याच हाताने! अंतिम फेरी तिला प्रेक्षकांसारखी बघावी लागली.

त्या अंतिम फेरीत सुवर्ण कुणी घेतले? जमैकाच्या शेजारच्या क्यूबा बेटावरील मारिया कारिदाद कोलोन या कृष्णवर्णीय मुलीने. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती लॅटिन अमेरिकेतील पहिली स्त्री ठरली. म्हणजे भाला हा गोऱ्यांचाच खेळ आहे, हा समज मॉस्कोत मोडला गेला होता. टेसाला तो आपल्या हाताने मोडायचा होता, आणि ते राहून गेले.

पाठोपाठ दुसरा आघात झाला. १९८१ साली टाचेमागचा जाड स्नायुबंध, ज्याला डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात, तो तुटला. भालाफेकणाराच्या दृष्टीने ही दुखापत म्हणजे धावेचा पायाच निखळणे. जवळजवळ दोन वर्षे ती मैदानाबाहेर राहिली. १९८२ ची ब्रिस्बेनची राष्ट्रकुल स्पर्धा गेली, युरोपीय स्पर्धाही गेली. आपले सुवर्ण राखण्याची संधी घरी बसून घालवावी लागली. या दोन वर्षांविषयी लिहिणारे फार थोडे लिहितात. मला मात्र तिच्या कारकिर्दीतला हाच काळ सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, मॉस्कोत हसे झालेले, पाय तुटलेला, आणि तिच्या मागून आलेली दुसरी इंग्रज भालाफेकपटू झपाट्याने पुढे निघालेली. एवढे पुरे म्हणून तिने खेळ सोडला असता, तर तिला कुणी नाव ठेवले नसते.

१९८३ च्या जूनमध्ये एडिनबरो येथे तिने ७३.५८ मीटर भाला फेकला. आयुष्यातली सर्वांत लांब फेक! त्या वेळचा जागतिक उच्चांक होता ७४.७६ मीटर, फिनलंडच्या टीना लिलाकचा. म्हणजे तुटलेला पाय जुळवून परतलेली ही बाई जागतिक उच्चांकापासून सव्वा मीटरही दूर नव्हती. त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीला पहिली जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा झाली. तिथे मात्र ती चौथी आली, पदकाच्या अगदी उंबरठ्यावर.

पहिली फेक आणि मग वाट पाहणे

१९८४ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे मैदान. या वेळी बहिष्कार सोव्हिएत गटाचा होता. पूर्व जर्मनी, रशिया, क्यूबा यांच्या खेळाडू आल्या नव्हत्या. यावरून काही जण टेसाच्या पदकाला आजही नाक मुरडतात. त्यांनी एवढेच आठवावे की आदल्या वर्षी हेलसिंकीत पूर्व जर्मनी आणि रशिया दोघेही हजर असताना पहिल्या तीन जागा फिनलंडची लिलाक, इंग्लंडची फातिमा व्हिटब्रेड आणि ग्रीसची अॅना वेरूली यांनी घेतल्या होत्या. तिघी पश्चिम युरोपच्या. आणि त्या तिघीही लॉस एंजेलिसला आल्या होत्या. जगज्जेती आणि जागतिक उच्चांक गाजवणारी लिलाक समोर असताना हे पदक फुकटचे कसे म्हणायचे?

तेव्हा अंतिम फेरीत पहिल्या आठ जणींना प्रत्येकी सहा फेकी मिळत. बहुतेक खेळाडू पहिली फेक जपून करतात. फेक बाद होऊ नये, खाते उघडावे, पुढे जोर लावावा, असा हिशेब असतो. टेसाने पहिल्याच फेकीत सारा जोर ओतला. भाला ६९.५६ मीटरवर रुतला. ऑलिंपिकचा नवा विक्रम झाला.

आणि मग वाट पाहणे आले. पुढच्या पाच फेऱ्यांत प्रत्येक खेळाडू तिचे पदक हिरावून घेऊ शकत होती. लिलाकचा पाय दुखावलेला होता, तरी तिने ६९ मीटर गाठले. नेमके ६९.००. दोघींमध्ये अंतर राहिले ५६ सेंटिमीटरचे, म्हणजे आपल्या जुन्या मापाने सव्वा हाताचे. व्हिटब्रेडचा भाला ६७.१४ वर थांबला. फेकी संपल्या. तेव्हा अठ्ठावीस वर्षांची टेसा सँडरसन ऑलिंपिक विजेती झाली होती. आफ्रिकेतून उसाच्या मळ्यात, मळ्यातून कारखान्याच्या गावात आणि तिथून ऑलिंपिकच्या चौथऱ्यावर असा तो तीन खंडांचा प्रवास. इनॉक पॉवेलला जे लोक देशात नको होते, त्यांच्याच एका मुलीसाठी ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजत होते. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, तिला राणीकडून एम.बी.ई. हा किताब मिळाला.

एका देशात दोन भाले

फातिमा व्हिटब्रेडविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण ब्रिटिश वृत्तपत्रांनी या दोघींना आयुष्यभर एकमेकींवर घातले. फातिमाची आई तुर्की-सायप्रियट. पोर तान्ही असतानाच लंडनच्या एका घरात तिला टाकून दिलेले होते. बालपण अनाथालयांत गेले. पुढे मार्गारेट व्हिटब्रेड या भालाफेक प्रशिक्षक बाईने तिला दत्तक घेतले आणि मुलीचा खेळाडू घडवला. म्हणजे एक काळी परदेशी, दुसरी टाकलेली अनाथ! या दोन पोरींनी ब्रिटनला भालाफेकीत जगाच्या शिखरावर नेले. पण वृत्तपत्रांना हवे होते भांडण. दोघींत सख्य नव्हते हे खरेच आहे. तरीही त्या भांडणाच्या बातम्यांत त्यांची थोरवी झाकून गेली, असे म्हणावे लागते.

समोरासमोरच्या लढतींत निम्म्याहून अधिक वेळा टेसा पुढे राहिली. त्यातली सर्वांत गाजलेली लढत १९८६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली, एडिनबरोची, म्हणजे जिथे टेसाने आपली सर्वोत्तम फेक केली होती त्याच शहरातली. तिने ६९.८० मीटरची फेक करून सुवर्ण घेतले. हरलेली फातिमा मैदानातच रडली.

त्या स्पर्धेवर मात्र एक मोठी सावली होती. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारविरुद्ध कडक निर्बंध घालायला थॅचरबाई तयार नव्हत्या. त्याच्या निषेधार्थ आफ्रिका, आशिया आणि कॅरिबियन बेटांवरील ३२ देशांनी एडिनबरोवर बहिष्कार घातला. आपला भारत त्यात होता. टेसाचा जन्मदेश जमैकाही होता. आणि जमैकाची लेक इंग्लंडचा पोशाख घालून मैदानात होती. तिने काय करायला हवे होते? लांबून निवाडा देणे सोपे आहे. तिचे आईबाप ज्या देशात राबले, जिथे ती वाढली, थुंकी झेलली, भाला शिकली, त्या देशाच्या संघात उभे राहणे हाही तिने झगडून मिळवलेला हक्क होता. कृष्णवर्णीय ब्रिटिश खेळाडूंच्या त्या पिढीला ही ओढाताण सारखीच सोसावी लागली.

महिनाभरातच श्टुटगार्टला फातिमाने ७७.४४ मीटरचा जागतिक उच्चांक केला, आणि १९८७ साली रोम येथे ती जगज्जेती झाली. टेसा तिथे पुन्हा चौथी. चौथ्या जागेचे तिचे नाते काही सुटत नव्हते! त्या वर्षी ब्रिटिश प्रेक्षकांनी वर्षाची सर्वोत्तम क्रीडाव्यक्ती म्हणून फातिमाची निवड केली. १९८० च्या दशकात हौशीपणाचे जुने नियम सैल होऊन मैदानी खेळाडूंना स्पर्धेत उतरण्याचे मानधन मिळू लागले होते. त्यात फातिमाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त रक्कम देऊ केली जाते, हे टेसाने लपवून ठेवले नाही. ऑलिंपिक विजेती मी, मग माझी किंमत कमी का, असा तिचा रोकडा सवाल होता. तिला यावरून भांडखोर म्हटले गेले. आपल्या घामाचे दाम मागणाऱ्या बाईला भांडखोर म्हणण्याची चाल सर्वच देशांत दिसते.

चाळिशीतला भाला

१९८८ च्या सोल ऑलिंपिकला जुन्या पायाने पुन्हा दगा दिला आणि ती पात्रता फेरीतच अडकली. ब्रिटनमध्ये बहुतेकांनी तिला मोडीत काढले. १९८९ पासून ती स्काय वाहिनीवर क्रीडाबातम्या सांगू लागली. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये बातम्या सांगणारा काळा चेहरा अजून नवलाचा होता, त्यातही बाईचा. आता ही स्टुडिओतच रमणार असे वाटत असतानाच १९९० साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे तिने राष्ट्रकुल स्पर्धेचे तिसरे सुवर्ण घेतले. पहिले बावीस वर्षांची असताना, तिसरे तेहेतिसाव्या वर्षी. मधली १९८२ ची स्पर्धा दुखापतीने हुकली नसती तर काय झाले असते, हा विचार मनात येतोच.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ती छत्तीस वर्षांची होती. आता पूर्वीचे रशिया-जर्मनीवाले सगळे हजर होते, कुणाचा बहिष्कार नव्हता. ती चौथी आली. ज्यांनी लॉस एंजेलिसच्या पदकाला नाक मुरडले, त्यांना याहून चांगले उत्तर कोणते? त्याच वर्षी हवाना येथे तिने विश्वचषकाचे सुवर्णही घेतले.

पुढे ती खेळातून बाहेर पडली, आणि चाळिसाव्या वर्षी परत आली! १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या ब्रिटिश संघात तिचे नाव होते. ती तिची सहावी ऑलिंपिक. तोवर मैदानी खेळांत सहा ऑलिंपिक गाठणारी एकच खेळाडू झाली होती, रुमानियाची थाळीफेकपटू लिया मानोलिऊ. तिच्या ऑलिंपिक १९५२ ते १९७२ च्या. अटलांटात टेसाचा भाला साठ मीटरच्या अलीकडेच उतरला आणि अंतिम फेरी हुकली. समोरच्या कित्येक जणी, ती माँट्रिऑलला पहिल्यांदा उतरली तेव्हा अजून शाळेतही गेल्या नव्हत्या.

१९९९ पासून स्त्रियांच्या भाल्याची घडण बदलली. जुना भाला हवेत तरंगत जाऊन आडवा पडे, आणि टोक आधी टेकले की नाही यावर वाद होत. नव्या भाल्याचा तोल पुढे सरकवल्यामुळे तो लवकर टोक खाली करतो. उच्चांकांची वहीच नव्याने उघडली गेली. त्यामुळे टेसाचे ७३.५८ आणि फातिमाचे ७७.४४ हे आकडे आता जुन्या यादीत बंद झाले आहेत. आजच्या फेकींशी त्यांची थेट तुलना करू नये.

१९९८ साली ओ.बी.ई. आणि २००४ साली सी.बी.ई. असे आणखी दोन किताब तिला मिळाले. १९९९ ते २००५ या काळात सरकारी पैशातून इंग्लंडमधील खेळांना बळ देणाऱ्या स्पोर्ट इंग्लंड या संस्थेची ती उपाध्यक्ष होती. २००६ पासून पूर्व लंडनच्या न्यूहॅम भागात तिने मुलांसाठी क्रीडा अकादमी चालवली. हा भाग गरीब, नाना देशांतून आलेल्या लोकांचा, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचे मुख्य मैदान जिथे उभे राहिले तोच. २०१० साली तिने ज्यूदोपटू डेन्साइन व्हाइट याच्याशी विवाह केला. तोही तीन ऑलिंपिक खेळलेला. पुढे वयाच्या पन्नाशीनंतर या जोडप्याने जुळी बाळे दत्तक घेतली. मूल व्हावे म्हणून आधी काय काय सोसले, हेही तिने उघडपणे सांगितले. आपल्याकडे या विषयावर घरातल्या घरातही कुजबुजच चालते, म्हणून मायबहिणींसाठी मुद्दाम नमूद केले.

तिच्यानंतर ब्रिटनच्या दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला ऑलिंपिक सुवर्ण मिळायला सोळा वर्षे जावी लागली. २००० साली सिडनी येथे डेनिस लुईस हिने हेप्टाथलॉन जिंकले. तिचेही घराणे जमैकाचे. आणि ती वाढली कुठे? वुल्व्हरहॅम्प्टनमध्येच.